हँडबॉलमधील कारकीर्द: कोल्हापूरच्या एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

करवीर तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी सोळा वर्षांची आहे, डावखुरी आहे, उजव्या बॅकच्या (हल्ल्यात गोलपासून थोडे मागे राहून खेळणाऱ्या तीन खेळाडूंपैकी उजवीकडच्या) जागेवर खेळते आणि शालेय राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचली आहे. सध्या ती कोल्हापुरात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. परराज्यातील एका खासगी अकादमीने तिला निवासी प्रशिक्षणासाठी बोलावले असून कॉलेज सोडून सतरा नंबरचा अर्ज भरावा व बारावी बाहेरून द्यावी, असे सुचवले आहे. हँडबॉलमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून आयुष्य उभे राहू शकते का आणि त्यासाठी कॉलेज सोडावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी आधी खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक म्हणून या खेळात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे जे सांगतो ते जबाबदारीने सांगतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, परंतु ‘व्यावसायिक’ म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते, ते भारतातील हँडबॉलला लागू पडत नाही. वर्षभर क्लबचा पगार घेऊन केवळ खेळणारी स्त्री खेळाडू आपल्याकडे जवळजवळ नाही. आपल्याकडची चांगली खेळाडू रेल्वेत, पोलीस दलात, निमलष्करी दलात किंवा एखाद्या सरकारी खात्यात नोकरीला असते आणि त्या नोकरीच्या आधारावर राष्ट्रीय स्पर्धा खेळते. त्यामुळे कारकिर्दीचा विचार करताना ‘क्लब कोणता मिळेल’ यापेक्षा ‘कोणत्या वयात कोणती भरती उघडी असते आणि त्या वेळी तिच्याकडे कोणते कौशल्य, कोणती प्रमाणपत्रे आणि कोणते शिक्षण असेल’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

युरोपातील चित्र पूर्णपणे वेगळे आहे. जर्मनीच्या पुरुषांच्या बुंडेसलिगा या सर्वोच्च लीगमध्ये १८ संघ आहेत, म्हणजे एका संघाला केवळ लीगमध्येच ३४ सामने खेळावे लागतात. त्यावर चषक स्पर्धा, मोठ्या क्लबांना युरोपीय चॅम्पियन्स लीग, आणि ऐन हंगामाच्या मध्यावर जानेवारीत राष्ट्रीय संघाकडून जागतिक किंवा युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा. महिलांच्या खेळात हंगेरीतील ग्योरसारखे क्लब आणि नॉर्वे, डेन्मार्क, फ्रान्स यांचे राष्ट्रीय संघ त्याच दर्जाचे आहेत. फ्रान्सचा निकोला काराबातिच हा माँपेलिए, कील, बार्सिलोना आणि पॅरिस अशा क्लबांतून खेळत वयाच्या चाळिसाव्या वर्षी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर निवृत्त झाला. इतकी लांब कारकीर्द शरीराची काटेकोर काळजी घेतल्याशिवाय आणि सोबत फिजिओ, ताकदीचे प्रशिक्षक, डॉक्टर असल्याशिवाय शक्य होत नाही. मात्र त्याच युरोपात खालच्या श्रेणींतील अनेक खेळाडू दिवसा नोकरी किंवा शिक्षण करतात आणि संध्याकाळी सरावाला जातात, ही बाजू आपल्यापर्यंत फारशी पोहोचत नाही.

भारतात २०२३ च्या जूनमध्ये जयपूर येथे प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला. त्यात सहा संघ होते आणि महाराष्ट्र आयर्नमेन हा आपल्या राज्याच्या नावाचा संघ विजेता ठरला. या लीगमुळे हा खेळ दूरचित्रवाणीवर आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती लीग पुरुषांची होती आणि तिचा हंगाम जेमतेम अडीच आठवड्यांचा होता, त्यामुळे आपल्या मुलीच्या पुढील दहा वर्षांचे नियोजन त्या लीगवर आधारता येणार नाही. मुलींच्या बाबतीत मला अधिक आशादायक वाटणारी घटना २०२२ मधील आहे. त्या वर्षी कझाकस्तानातील अल्माटी येथे भारतीय मुलींनी आशियाई कनिष्ठ गटाचे अजिंक्यपद जिंकले. या वयोगटातील आपल्या मुली आशियात कमी पडत नाहीत, हे त्या निकालाने दाखवले. पुढे वरिष्ठ गटात जाताना आपण मागे पडतो, कारण अठरा ते बावीस या वयात खेळाडूला पगार, सराव आणि सामने हे तिन्ही एकत्र मिळत नाहीत.

आता नोकरीकडे वळतो, कारण आपल्या कुटुंबासाठी हाच खरा पाया आहे. रेल्वेच्या खेळाडू कोट्यातील खुल्या भरतीसाठी वय १८ ते २५ असावे लागते. तेथे १०० गुणांपैकी ४० गुण प्रत्यक्ष मैदानावरील चाचणीला, ५० गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीला आणि १० गुण शिक्षणाला असतात. केंद्रीय निमलष्करी दलांच्या हवालदार पदाच्या क्रीडा भरतीत वरची मर्यादा साधारण २३ वर्षांची असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यात पदाच्या गटानुसार कामगिरीचा दर्जा वेगवेगळा लागतो आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. मध्यंतरी बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर ही पडताळणी कडक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीचे कांस्यपदक जिंकला, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. नेमबाजी हा वैयक्तिक खेळ आहे आणि हँडबॉल सांघिक, तरी नोकरीच्या आधारावर खेळ टिकवण्याची पद्धत तीच आहे.

प्रमाणपत्रांविषयी एक गोष्ट आताच पाहून घ्या. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, आंतरविद्यापीठ आणि शालेय कामगिरीच्या प्रमाणपत्रांचे नमुने अनुक्रमे १ ते ४ असे ठरलेले आहेत आणि प्रत्येकावर कोणी सही करायची हेही ठरलेले आहे. हँडबॉलमध्ये मागील काही वर्षांत देशपातळीवर एकाहून अधिक संघटनांनी मान्यतेचा दावा केला होता. अशा काळात एखादी ‘राष्ट्रीय’ स्पर्धा खेळूनही भरतीच्या टेबलावर ते प्रमाणपत्र बाद ठरू शकते. म्हणून कोणत्याही स्पर्धेला पैसे भरण्यापूर्वी आयोजक संघटनेला त्या वर्षी मान्यता आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या बाबतीत हा धोका फारच कमी असतो, आणि कॉलेज न सोडण्याचे हे एक ठोस कारण आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत खेळता येतात. बारावीनंतर नियमित प्रवेश घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय पातळी खेळलेल्या मुलीकडे भरतीच्या वेळी निर्विवाद कागद असतो.

खेळाच्या बाजूने आपल्या मुलीची सर्वांत मोठी जमेची गोष्ट म्हणजे तिचा डावा हात. उजव्या बॅकच्या जागेवरून उजव्या हाताने फेकणाऱ्या खेळाडूचा हात बाजूच्या रेषेकडे राहतो, त्यामुळे गोलचा कोन तिच्यासाठी अरुंद होतो. डावखुऱ्या खेळाडूचा हात मैदानाच्या मध्याकडे येतो, कोन खुलतो, आणि तिथूनच पिव्हटला (गोलजवळ बचावपटूंच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या खेळाडूला) किंवा सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बॅकला, पास देणेही सोपे जाते. जगातील जवळजवळ प्रत्येक मोठा संघ उजव्या बॅकसाठी आणि उजव्या विंगसाठी (मैदानाच्या उजव्या कडेच्या जागेसाठी) डावखुरी खेळाडू शोधत असतो, आणि त्या सहज सापडत नाहीत.

पण याच गुणामुळे शालेय वयात एक नुकसान होते, जे मी अनेक डावखुऱ्या मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. शाळेतील गोलरक्षकाला डाव्या हाताची फेक ओळखीची नसते, त्यामुळे गोल सहज होतात. मग संघ तिला केवळ गोल मारण्यासाठी वापरतो आणि बाकीचा खेळ तिला कोणी शिकवत नाही. वरिष्ठ पातळीवर गोलरक्षक तिची फेक दोन सामन्यांत वाचतात. तिथे तिला दोन्ही बाजूंना फसवी हालचाल करून आत शिरता आले पाहिजे, बचावपटू अंगावर असताना पिव्हटला खालून पास देता आला पाहिजे, आणि झेप न मारता पायांवर उभी राहून कमरेच्या उंचीवरूनही फेकता आले पाहिजे. शिवाय नियमही आता संथ खेळाला वाव देत नाहीत. पंचांनी निष्क्रिय खेळाचा (गोलचा प्रयत्न न करता चेंडू फिरवत राहण्याचा) इशारा दिल्यानंतर पूर्वी सहा पास मिळत; २०२२ पासून चारच मिळतात. त्या चार पासांत निर्णय घेण्याची मुख्य जबाबदारी तिन्ही बॅकवर असते. निवडकर्ते ज्या मुलीला लक्षात ठेवतात, ती बहुतेकदा या चार पासांत न घाबरणारी असते.

बचावाकडे तर आपल्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होते. सहा-शून्य रचनेत (सहाही बचावपटू गोलसमोर एका रांगेत) मधल्या दोन जागा सांभाळणारी, पिव्हटला अंगाने रोखणारी आणि हात वर करून फेक अडवणारी बॅक हल्ला आणि बचाव अशा दोन्ही वेळी मैदानावर राहते. जिला बचाव जमत नाही, तिला प्रत्येक वेळी बदलावे लागते, आणि त्या बदलाच्या क्षणी प्रतिस्पर्धी वेगवान प्रतिहल्ला करतो. रेल्वेच्या किंवा विद्यापीठाच्या चाचणीत दोन मुली सारखेच गोल मारत असतील, तर बचाव करणारी निवडली जाते. तिची उंची पुढे फारशी वाढली नाही, तर निराश होऊ नका. डावखुऱ्या मुलीसाठी उजवी विंग ही तितकीच मानाची जागा आहे आणि तिथे उंचीपेक्षा वेग, झेप आणि मनगट महत्त्वाचे असते. या दोन्ही जागांचा सराव आत्तापासून करून घ्यावा.

कोल्हापूरची अडचण मैदानाची आहे, आणि ती मोकळेपणाने मांडली पाहिजे. हा खेळ ४० बाय २० मीटरच्या बंदिस्त सभागृहात, लाकडी किंवा कृत्रिम पृष्ठभागावर खेळला जातो. आपल्या बहुतेक मुली मातीच्या किंवा काँक्रीटच्या मैदानावर वाढतात. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि आपला पाऊस बराचसा एकत्र येतो, त्यामुळे नेमक्या गरजेच्या महिन्यांत सराव बंद पडतो. या शहराने फुटबॉलसाठी शाहू स्टेडियम आणि कुस्तीसाठी खासबाग जपले, पेठापेठांतील तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. हँडबॉलच्या वाट्याला मात्र हक्काचे छताखालचे मैदान आले नाही. ही उणीव संघटनांनी आणि आम्हा प्रशिक्षकांनी शासनाकडे सातत्याने मांडायला हवी, कारण ती एकट्या पालकांना भरून काढता येणारी नाही.

मैदानाचा थेट संबंध दुखापतीशी आहे, आणि या मुद्द्यावर मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण सोळा ते वीस या वयात मुलींची कारकीर्द सर्वाधिक वेळा गुडघ्यामुळे संपते. गुडघ्याच्या आतील एसीएल नावाचा अस्थिबंध हँडबॉलमध्ये दोन प्रसंगी तुटतो: बचावपटूला चकवण्यासाठी पाय रोवून अचानक दिशा बदलताना, आणि झेप मारून फेक केल्यानंतर एका पायावर उतरताना. बहुतेक वेळा त्यात कोणाचा जोरदार धक्का लागलेला नसतो. नॉर्वेतील संशोधकांनी असेही दाखवले आहे की महिला खेळाडूंमध्ये लाकडी मैदानापेक्षा जास्त पकड असलेल्या कृत्रिम मैदानावर ही दुखापत अधिक होते. मातीवर पाय थोडा सरकतो आणि शरीराला त्याची सवय झालेली असते. तीच मुलगी अचानक कृत्रिम मैदानावर गेली की पाय जागीच अडकतो आणि पिळ गुडघ्यावर येतो. म्हणून अकादमीत किंवा शिबिरात गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण वेगाने दिशाबदल करू देऊ नयेत, हे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगावे.

यावर उपायही सिद्ध झालेला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ हँडबॉलपटूंना दोन गटांत विभागले होते. ज्या गटाने सरावापूर्वी धावणे, उतरण्याचे तंत्र, तोल आणि पायांची ताकद यांचा १५ ते २० मिनिटांचा ठरावीक कार्यक्रम केला, त्यांच्या गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. खांद्याच्या बाबतीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अव्वल खेळाडूंनी असाच कार्यक्रम हंगामभर केल्यावर खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. एक रबरी पट्टा, एक चेंडू आणि जोडीदार पुरतो. आपल्याकडे तालमीतील जोर-बैठकांची परंपरा आहे आणि त्यातून पायांची ताकद निश्चित येते, पण हँडबॉलपटूला त्याशिवाय एका पायावरील बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आणि एका पायावर अलगद उतरण्याचा सराव लागतो. उतरताना गुडघा आत झुकतो की पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो, हे मोबाईलवर समोरून चित्रण करून आपण घरीही पाहू शकता. दुर्दैवाने शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर किमान नऊ महिने सामना खेळू देऊ नये, कितीही महत्त्वाची निवड चाचणी असली तरी.

चेंडूचेही तसेच आहे. महिलांचा चेंडू ५४ ते ५६ सेंटिमीटर परिघाचा आणि ३२५ ते ३७५ ग्रॅम वजनाचा असतो. अनेक शाळांत लहान मुलींनाही हाच चेंडू दिला जातो. हातात न मावणारा चेंडू फेकताना मनगटाऐवजी कोपरावर आणि खांद्यावर ताण येतो, आणि ती सवय पुढे सुटत नाही. आपल्या मुलीचा खांदा फेकल्यानंतर रात्री दुखत असेल, तर ते ‘सरावाचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नका. युरोपात वर्षानुवर्षे चेंडूला चिकट राळ लावून खेळतात, आपल्याकडे मात्र कोरड्या चेंडूनेच खेळ होतो. आता आंतरराष्ट्रीय महासंघ राळेविना खेळता येईल असा चेंडू पुढे आणत आहे, त्यामुळे कोरड्या चेंडूवरची आपली पकड ही उणीव मानण्याचे कारण नाही.

आता अकादमीविषयी. परराज्यातील प्रत्येक अकादमी वाईट असते असे मी म्हणणार नाही. हरियाणा, हिमाचल आणि राजस्थानात या खेळाचे चांगले वातावरण आहे आणि तिथल्या मुलींविरुद्ध रोज खेळण्याचा फायदा मोठा आहे. परंतु सतरा नंबरचा अर्ज भरायला सांगणारी अकादमी मुलीचे शिक्षण आपल्या जबाबदारीबाहेर ठेवू पाहते, आणि यामुळे मला तो प्रस्ताव स्वीकारार्ह वाटत नाही. नियमित प्रवेश सोडल्यास ती कॉलेजच्या नावावर १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा खेळू शकणार नाही, म्हणजे खेळासाठी कॉलेज सोडताना खेळाचीच दोन वर्षांची संधी जाते. विज्ञान शाखेचा भार झेपत नसेल, तर शाखा बदलण्याचा विचार जरूर करावा, पण प्रवेश नियमितच ठेवावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दीड महिन्याच्या शिबिराला तिला पाठवणे हा मला योग्य मधला मार्ग वाटतो.

तेथे पाठवण्यापूर्वी आपण किंवा तिच्या वडिलांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मुलींच्या वसतिगृहात महिला अधीक्षक राहतात का, मुलींच्या संघासोबत प्रवासात महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक असतात का, गोलरक्षकांना वेगळा प्रशिक्षक आहे का, फिजिओ रोज येतो की फक्त माहितीपत्रकात आहे, आणि मागील तीन वर्षांत तेथील किती मुलींना कोणत्या खात्यात नोकरी मिळाली, हे नावानिशी विचारावे. ज्या मुली मध्येच सोडून गेल्या, त्यांच्यापैकी एखाद्या कुटुंबाशी बोलता आले तर सर्वांत उपयोगी माहिती तिथेच मिळेल.

परदेशातील क्लबांच्या चाचणीसाठी पैसे मागणारे मध्यस्थ पुढे-मागे आपल्याशी संपर्क साधतील. एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जाताना दोन्ही देशांच्या महासंघांमार्फत आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र घ्यावे लागते. ज्या प्रस्तावात लेखी करार आणि या प्रमाणपत्राचा उल्लेख नाही आणि ज्यात खेळाडूनेच आधी रक्कम भरायची आहे, त्याला नकार द्यावा. वरिष्ठ भारतीय संघात स्थान मिळेपर्यंत हा विषय दूरच ठेवलेला बरा.

खेळणे थांबल्यावर काय, हेही आपण विचारले नसले तरी ते पालकांच्या मनात असतेच. पदवीनंतर बी.पी.एड. करून शाळेत क्रीडा शिक्षिका होता येते, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका घेता येते, पंच म्हणून परीक्षा देता येते. तिने विज्ञान शाखा टिकवली, तर फिजिओथेरपीचा मार्गही खुला राहतो, आणि हा खेळ आतून जाणणाऱ्या महिला फिजिओंची आपल्याकडे फार मोठी गरज आहे. या सर्वांसाठी बारावी आणि पदवी नीट पूर्ण झालेली असणे आवश्यक आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की यंदा अकादमीला नकार कळवावा, कॉलेजच्या क्रीडा विभागात जाऊन १९ वर्षांखालील संघासाठी तिची नोंद झाली आहे का ते तपासावे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी एखाद्या क्रीडावैद्यक डॉक्टरांकडून तिचे गुडघे व फेकणारा खांदा तपासून घ्यावा. पावसाळ्याच्या महिन्यांत मैदान मिळाले नाही, तरी वर सांगितलेला दुखापत टाळण्याचा कार्यक्रम आठवड्यातून तीनदा घरी किंवा शाळेच्या व्हरांड्यात करता येतो. तिच्या सामन्यांचे चित्रण असल्यास त्यातील केवळ बचावाचे भाग वेगळे काढून तिच्या क्रीडा शिक्षकांसोबत पाहावेत. पुढील निवड चाचणीपूर्वी कशावर काम करायचे, हे त्यातून बरेचसे स्पष्ट होईल.